पत्राला तारेचा मान कोणी दिला?

आरंभीच कबूल करतो की, मी फारसा शिकलेला मनुष्य नव्हे. १९९५ साली मॅट्रिक झालो. सरकारी कागदावर त्या परीक्षेला एस. एस. सी. म्हणतात, पण आमचे वडील अखेरपर्यंत मॅट्रिकच म्हणत. पुढे चित्रकलेच्या मास्तरकीची पदविका घेतली आणि शाळेत मुलांच्या वहीतले वाकडे आंबे सरळ करू लागलो. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. तेव्हा ‘युनिक्स’ नावाच्या गोष्टीवर ऐन दिवाळीच्या अंकात चार पाने खरडणारा हा कोण टिकोजीराव, असे कोणी विचारले तर ते वावगे होणार नाही. माझे उत्तर एवढेच की, ज्याच्या पायावर धोंडा पडतो त्याला धोंड्याची जात विचारण्याचा हक्क आहे. माझ्या पायावर पडला आहे, आणि तुमच्याही. तुम्ही हे वाचत असतानाच शेजारी ठेवलेला तुमचा फोन एकदा तरी कुरकुरला असेल. नसेल, तर तुम्ही भाग्यवान आहात.

त्याचे झाले असे. दोन वर्षांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. आता हिंजवडीला मोठ्या पगारावर आहे. शाळेत असताना याला धड वर्तुळ काढता येत नसे. आल्याआल्या पायांवर डोके ठेवले आणि बगलेतला एक जुना संगणक टेबलावर ठेवला.

“सर, हा घ्या तुमच्या लिखाणाला. याच्यावर खेळ नाहीत, सिनेमा नाही. काळी खिडकी उघडायची आणि लिहायचं.”

ही काळी खिडकी म्हणजे टर्मिनल. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पूर्वी एका मोठ्या यंत्राला दहावीस जणांचे टंकयंत्रासारखे खटके जोडलेले असत, प्रत्येकापुढे एक पडदा किंवा कागदाची गुंडाळी. ते टर्मिनल. आता तेच सोंग पडद्यावरच्या एका खिडकीत आणले आहे. चित्रे नाहीत, बाण नाही, नुसती अक्षरे. ओळीच्या सुरुवातीला एक खूण लुकलुकत असते, म्हणजे यंत्र म्हणते, “सांगा, काय करू?” आपण हुकूम लिहायचा, ते काम करते, आणि पुन्हा हात जोडून उभे राहते. मला हे फार आवडले. मराठी जोडाक्षरे त्या खिडकीत थोडी अडखळत उभी राहतात, पण राहतात. मी त्यात कादंबरी लिहू लागलो.

मग एके दिवशी मी त्याला म्हटले, “अरे, संपादकांची पत्रं आली की मला कळत नाही. आठवड्याने उघडून बघतो तेव्हा त्यांचा राग शिळा झालेला असतो.” तो हसला, बसला, आणि दहा मिनिटांत व्यवस्था करून उठला. दर पाच मिनिटांनी यंत्राने बाहेरच्या पोस्टातून माझी पत्रे आणून घरच्या पेटीत टाकायची, आणि पत्र पेटीत पडताच खिडकीत वर्दी द्यायची. त्या वर्दी देणाऱ्याचे नाव ‘बिफ’.

दुसऱ्या दिवशी रात्री मी बसलो होतो. माझ्या कादंबरीतला म्हातारा नारायण पेठेतल्या वाड्यात शेवटचा श्वास घेत होता. तीन दिवस मी त्याला मरू देत नव्हतो. त्या रात्री वाक्य सापडले. सून उशाशी बसली आहे, तिच्या हातात पाण्याची वाटी आहे, म्हातारा ओठ हलवतो आणि... टिण् असा आवाज झाला, आणि त्या सुनेच्या आणि वाटीच्या मधोमध इंग्रजीत सात ओळी उमटल्या: सणानिमित्त गाद्यांवर भरघोस सूट. डबल बेड घेतल्यास दोन उशा मोफत.

म्हातारा मेला नाही. आजही मेलेला नाही. त्याचे वाक्य गेले ते गेले.

मी विद्यार्थ्याला फोन केला. तो म्हणाला, “सर, घाबरू नका, तुमचं लिखाण पुसलं नाही. नुसतं पडद्यावर वर छापलं गेलंय. कंट्रोल आणि एल दाबा, पडदा साफ होईल.” दाबले. पडदा साफ झाला. डोके साफ करण्याचे बटण कोणी केलेले नाही.

आणखी गंमत ऐका. संपादकांचे मराठी पत्र येई तेव्हा हा बिफ ज्या ओळी छापी त्या वाचताच येत नसत. इंग्रजी अक्षरांचा आणि आकड्यांचा नुसता भुसा. चौकशी करता कळले की, आपली देवनागरी टपालाच्या वाटेवर इंग्रजी अक्षरांच्या गाठोड्यात बांधून पाठवतात, आणि पत्र उघडणारा कार्यक्रम ते गाठोडे सोडतो. बिफ सोडत नाही. आहे तसे तोंडावर फेकतो. म्हणजे माझ्या कामाचे पत्र आले की भुसा, आणि गाद्यांची जाहिरात आली की स्वच्छ सुवाच्य! दारावरच्या रखवालदाराने आप्तांना ओळखू नये आणि फेरीवाल्यांना नावानिशी हाका माराव्यात, तशातली गत.

आता या बिफची कुळकथा. तो कुत्रा होता. खरोखरीचा, चार पायांचा. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठात संगणक शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचा हा कुत्रा वर्गातून हिंडत असे आणि सगळ्यांचा लाडका होता. तिथल्याच जॉन फोडेरारो नावाच्या विद्यार्थ्याने पत्राची वर्दी देणारी ही युक्ती लिहिली आणि तिला त्या कुत्र्याचे नाव दिले. १९८० साली बर्कलेच्या युनिक्सबरोबर ती बाहेर पडली. पोस्टमनवर भुंकतो म्हणून हे नाव, असे पुष्कळ दिवस सांगितले जाई. जाणकार म्हणतात, ती गोष्ट मागाहून रचलेली. आपल्याकडे नाही का, आधी देऊळ होते आणि मग आख्यायिका येते, तसेच.

मी त्या कुत्र्यावर चिडून होतो. पण मास्तर असल्यामुळे शिक्षा करण्यापूर्वी चौकशी करण्याची खोड आहे. चौकशी केली आणि लाजलो. कारण अपराधी बिफ नव्हता. बिफ हा, वाचकहो, फार खानदानी कुत्रा निघाला. त्याला आपणहोऊन भुंकण्याची मुभाच नव्हती! आपण ‘बिफ’ असे लिहून पुढे ‘वाय’ म्हणजे ‘होय’ हे अक्षर लिहायचे, तेव्हाच तो भुंकणार. ‘एन’ लिहिले की गप्प. नुसते ‘बिफ’ लिहिले तर तो आपल्याला सांगणार, सध्या माझे तोंड उघडे आहे की बंद. आणि ही मुभा कुठे नोंदलेली असे? पत्र पाठवणाऱ्याकडे नाही, टपालखात्याकडे नाही. ज्याची खिडकी त्याच्याच खिडकीवर. युनिक्समध्ये प्रत्येक वस्तूवर ती कोणी वाचावी, कोणी लिहावी, कोणी चालवावी याच्या खुणा असतात. खिडकी ही काही चालवायची वस्तू नव्हे, म्हणून तिच्यावरची ती तिसरी खूण रिकामी पडलेली होती. बर्कलेच्या पोरांनी तीच वापरली. खूण असेल तर वर्दी द्या, नसेल तर पत्र निमूट पेटीत टाकून चालते व्हा. याच घराण्यातली ‘मेस्ज’ नावाची आणखी एक आज्ञा आहे. तिने दुसऱ्या माणसाने तुमच्या पडद्यावर मजकूर लिहिण्यालाच बंदी करता येते, आणि ती तर युनिक्सच्या १९७१ सालच्या पहिल्या हस्तपुस्तिकेत आहे. म्हणजे एकाच यंत्रावर दहा माणसे कामाला बसली की ती एकमेकांना छळणार, हे त्या लोकांनी पहिल्याच वर्षी ओळखले होते.

माझ्या विद्यार्थ्याने मला न विचारता ‘वाय’ लिहून ठेवले होते, एवढाच अपराध. आणि तो बिफचा नव्हे. तो आजच्या सवयीचा अपराध आहे.

पुण्याबाहेरचे लोक आमच्या पाट्यांना हसतात. “दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये” या पाटीवर किती विनोद झाले असतील त्याची गणती नाही, आणि बहुतेक विनोद करणारे दुपारी तीन वाजता बेल वाजवणारेच असतात. मी छातीठोकपणे सांगतो की, ती पाटी आणि बर्कलेची ती खूण एकच आहे. घर ज्याचे, पाटी त्याची. पाटी लावणारा मनुष्य पत्र नाकारीत नाही, पाहुणा नाकारीत नाही. तो एवढेच म्हणतो की, माझ्या जागे होण्याची वेळ मी ठरवीन. यात तुसडेपणा तो कोणता? उलट, ज्याच्या दारावर पाटी नाही तो सदैव हसतमुख राहून मनातल्या मनात शिव्या मोजीत असतो.

बिफच्या शिवाय युनिक्सात वर्दीची आणखी एक रीत आहे, आणि ती कळली त्या दिवशी मी विद्यार्थ्याला घरचा चकलीचा डबा पाठवला. आपले हुकूम ऐकणारा जो कार्यक्रम असतो त्याला शेल म्हणतात. आपली पत्रपेटी कोणती हे त्याला एकदा सांगून ठेवायचे. मग तो मधूनमधून पेटीकडे नजर टाकतो. किती वेळाने, तेही सांगता येते. जुन्या शेलांत ठरीव अंतर दहा मिनिटांचे असे, आजच्या बॅश नावाच्या शेलात एक मिनिटाचे. पेटीत नवे काही पडले असेल तर तो एक ओळ लिहितो, ‘यू हॅव न्यू मेल’. पण कधी लिहितो, हे महत्त्वाचे. तुमचे हातातले काम चालू असताना कधीही नाही. तुम्ही एक हुकूम दिला, तो पुरा झाला, आणि पुढचा हुकूम विचारण्यासाठी ती लुकलुकती खूण दाखवायची वेळ आली, की त्या खुणेच्या अगदी आधी तो हळूच सांगतो. मी कादंबरीत दोन तास बुडालो असेन तर दोन तास चकार शब्द नाही. लिखाण बंद करून बाहेर आलो, की दारात उभा: “पत्र आलंय.” जुन्या घरांतला एखादा मुरलेला गडी जसा मालकाचे जेवण होऊन हात धुतल्यावरच सांगतो की, बाहेर अमुक येऊन बसले आहेत, अगदी तसा.

आणखी एक तिसरी रीत होती. चित्रकलेचा मास्तर म्हणून तिच्याविषयी दोन शब्द लिहिल्याखेरीज राहवत नाही. खिडक्यांची पद्धत आल्यावर ‘एक्सबिफ’ नावाचे एक टपालपेटीचे चित्र पडद्याच्या कोपऱ्यात बसवता येऊ लागले. दर तीस सेकंदांनी ते पेटी पाहते, पत्र असेल तर चित्रातला झेंडा उभा होतो, आपण बोट दाबले की पडतो. चित्रकाराला एक शंका आली. अमेरिकेत घरापुढच्या टपालपेटीचा झेंडा मुळात घरमालक उभा करतो, ‘माझे पत्र न्यायचे आहे’ हे पोस्टमनला सांगायला. इथे झेंडा उलटा फिरला! मालकाची खूण होती ती मालकालाच बोलावू लागली. मला वाटते, पुढे जे झाले त्याची सुरुवात या चित्रात आहे. असो.

हे सारे आमच्या गावालाही परके नाही. १९८६ साली भारतात ‘अर्नेट’ हे शिक्षणसंस्थांचे संगणकजाळे सुरू झाले, आणि गणेशखिंडीला विद्यापीठाच्या आवारात १९८८ साली स्थापन झालेल्या ‘आयुका’तल्या शास्त्रज्ञांच्या पत्त्याच्या शेपटीला पुढे ‘अर्नेट’ हीच अक्षरे असत. ज्यांच्या विज्ञानकथांनी आपले दिवाळी अंक सजले ते नारळीकर त्या संस्थेचे संस्थापक. सर्वसामान्यांसाठी विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथे इंटरनेट खुले केले. तेव्हा विद्यार्थ्यांना परवडे ते खाते नुसत्या अक्षरांचे, म्हणजे याच युनिक्सच्या काळ्या खिडकीचे होते. माझ्या एका मित्राच्या थोरल्या भावाकडे तसे होते. टेलिफोनची तार मोडेमला लावायची, ते बराच वेळ किंचाळे, मग नाव आणि खूणशब्द घातला की पडद्यावर येई, ‘यू हॅव न्यू मेल’. आम्ही तिघे त्या एका ओळीकडे देवदर्शनासारखे बघत असू. दिवसातून एकदाच ती ओळ दिसे, कारण टेलिफोनचे बिल त्याचे वडील भरीत.

आता मुख्य मुद्द्याला हात घालतो.

आमच्या लहानपणी वाड्यात दोन प्रकारची माणसे टपाल घेऊन येत. एक रोजचा पोस्टमन. तो दिंडीतून ‘पोस्ट’ म्हणून आरोळी देई आणि पत्रे कोनाड्यात ठेवून जाई. आजी पोळ्या लाटीत असेल तर पोळ्या लाटून होत, मग पत्र वाचले जाई. दुसरा तारवाला. तो आला की अख्खा वाडा स्तब्ध. कोणाच्या दाराशी सायकल टेकवतो याकडे सगळ्यांचे डोळे. पोळी तव्यावर करपली तरी चालेल, पण तार आधी फोडायची. का? कारण तारेला शब्दागणिक पैसे पडत. ज्याला आपले काम अडवायचे आहे त्याने आधी स्वतःच्या खिशात हात घालावा, तारऑफिसात रांगेत उभे राहावे, आणि दहा शब्दांत मावेल एवढेच बोलावे, असा तो साधा हिशेब होता. म्हणून तार म्हणजे मरण, अपघात, नोकरी, नाहीतर बाळंतपण. दिवाळीच्या शुभेच्छांच्या स्वस्त तारा निघाल्या होत्या, ठरीव वाक्यांना आकडे दिलेले असत. पण त्यासुद्धा आल्या की घरातल्या बायका आधी देवापुढे निरांजन लावीत आणि मगच फोडू देत.

जुलै २०१३ मध्ये आपल्या देशातली तार बंद झाली. सगळ्यांनी हळहळून लेख लिहिले. माझे म्हणणे उलट आहे. तार बंद झालीच नाही. बंद झाले ते पत्र. आज येणारी प्रत्येक चिठ्ठी, प्रत्येक जाहिरात, प्रत्येक ‘शुभ सकाळ’ आणि त्याखालचा गुलाब, हे सगळे तारवाल्याचा पोशाख घालून, त्याच्याच सायकलवर बसून, त्याचीच घंटा वाजवीत आपल्या दाराशी येते. फरक इतकाच की, पूर्वी दुसऱ्याचे काम मोडण्याची किंमत पाठवणारा मोजी. आता ती घेणारा मोजतो. गादीवाल्याला माझ्या म्हाताऱ्याचे मरण फुकटात मोडता आले.

यावर शहाणे लोक म्हणतात, “मग बंद करा की! प्रत्येक गोष्टीला आवाज बंद करायची सोय आहे. आणि हल्ली तर आधी परवानगी विचारतात.” विचारतात, खरे आहे. आयफोनात आधीपासून, आणि अँड्रॉइडच्या २०२२ सालच्या तेराव्या आवृत्तीपासून नवा कार्यक्रम वर्दी देण्यापूर्वी विचारतो. पण ही कसली परवानगी? विजेचे बिल भरायला म्हणून जो कार्यक्रम घेतला त्याला मी ‘होय’ म्हटले, कारण बिलाची तारीख चुकायला नको. त्याच एका ‘होय’च्या जोरावर तो मला रोज संध्याकाळी बक्षिसांची चक्रे फिरवायला बोलावतो. मी पोस्टमनला दिंडी उघडली, आणि त्याच्यामागून अख्खी तुळशीबाग आत शिरली.

आणि शहाण्यांचा शेवटचा बाण असा की, “एखादी तातडीची गोष्ट चुकली तर?” याचे उत्तर मला अनुभवाने मिळाले आहे, आणि ते लिहिण्यासाठीच हा सारा खटाटोप.

माझी आई मिरजेला माझ्या थोरल्या बहिणीकडे असते. मागच्या वर्षी श्रावणात ती रात्री न्हाणीघरात पडली. आक्काने आणि मेहुण्यांनी तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेले, आणि आक्काने वाटेतूनच मला फोनवर निरोप लिहिला: “आई पडली. दवाखान्यात नेतोय. बघ.” तेव्हा रात्रीचे पावणेअकरा झाले होते. त्याच वेळी मी ज्या शाळेत नोकरी करतो तिच्या गटावर कुठल्याशा स्पर्धेचा तक्ता भरण्यावरून धुमश्चक्री चालली होती. फोन सारखा कुरकुरत होता. मी माझ्या वह्या तपाशीत होतो. वाचकहो, माझा फोन बंद नव्हता. आवाज बंद नव्हता. सगळ्या वर्द्या चालू होत्या, अगदी शहाण्यांना हव्या तशा. त्या रात्री माझ्या फोनवर दोनशे अकरा निरोप आले. सकाळी मी मोजले. त्यातला एकशेकितवा तरी आक्काचा होता. तो वाजला तेव्हा तो मी ऐकला असलाच पाहिजे. ऐकला आणि कान पुसावेत तसा पुसून टाकला.

सकाळी सहाला पाहिले. पहिली गाडी पकडून मिरजेला पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. खुब्याचे हाड मोडले होते. आई शुद्धीवर होती. ओरडली असती तर बरे झाले असते. ती आक्काला म्हणाली, “याला कळवलं होतंस ना गं?” आक्का म्हणाली, “हो, कळवलं होतं.” आई म्हणाली, “मग ठीक आहे. कामात असेल.”

मी कामात नव्हतो. मी तक्त्यात होतो.

तेव्हा तातडीची गोष्ट चुकू नये म्हणून सगळ्याच गोष्टींना घंटा बांधणाऱ्यांना माझे सांगणे आहे की, तुम्ही तातडीचाच खून केला आहे. मारुतीच्या देवळात प्रत्येक येणाराजाणारा घंटा वाजवतो, तिथे आगीची घंटा कोणाला कळणार?

मी अविचारी नाही. माझ्या विद्यार्थ्याला रात्री तीन वाजता उठवणारी घंटा हवीच. त्याचे यंत्र बंद पडले तर कुठल्यातरी इस्पितळातले कागद अडतात, आणि त्या रात्रीचे त्याला पैसे मिळतात. डॉक्टरला हवी, बंबवाल्याला हवी. चित्रकलेच्या मास्तराला स्पर्धेच्या तक्त्यासाठी नको. फ्रान्समध्ये कामाची वेळ संपल्यावर असल्या निरोपांपासून अलग राहण्याचा हक्क १ जानेवारी २०१७ पासून कायद्यात आला. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली तशा हक्काचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले. त्याचा कायदा झाला नाही. लोक हसले, जसे पाटीला हसतात तसे.

हा लेख मी आमच्या घरात वाचून दाखवला. सौ. अनारशांचे पीठ मळीत होती. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “तुम्ही लिहायला बसलात की ती खिडकी तुम्हाला त्रास देत नाही, छान झालं. पण माझ्या दारावर पाटी कुठाय? दूधवाला, इस्त्रीवाला, तुमचा चहा, मुलीचा डबा. मला कोणी कधी विचारलं, वाय की एन?” मी म्हटले, “अगं, तो विषय निराळा.” ती म्हणाली, “निराळा कसा? तुमच्या त्या गड्यासारखी मीसुद्धा उंबऱ्याशी उभी असते ना, तुमची ओळ संपायची वाट बघत. गॅस संपला हे सांगायला काल वीस मिनिटं उभी होते.”

माझ्यापाशी उत्तर नव्हते. अजून नाही. पण तिचे म्हणणे गाळून लेख छापणे लबाडीचे झाले असते, म्हणून लिहिले. त्या दिवसापासून दुपारी दोन ते चार बेल, फोन आणि दूधवाला माझ्याकडे आहेत. पहिल्या आठवड्यात मी तीनदा दार उघडले, एकदा दूध उतू घालवले आणि एक अक्षर लिहून झाले नाही.

आक्काशी ठरले आहे की, काही झाले तर लिहायचे नाही. फोन लावायचा, आणि उचलला नाही तर लगेच पुन्हा लावायचा. दुसऱ्यांदा वाजला की मी समजेन, तार आहे. काळ्या खिडकीत बिफला ‘एन’ सांगितले आहे, आणि शेलला दहा मिनिटांचे अंतर दिले आहे.

राहता राहिली शाळा. शिक्षकांच्या बैठकीत मी सुचवले की, संध्याकाळी सातनंतरचे निरोप गटावर न टाकता पत्रपेटीत टाकावेत; सकाळी आल्याआल्या प्रत्येक जण वाचील. मला सांगण्यात आले की, गटाबाहेर राहायचे असल्यास कारणासह लेखी द्यावे. मी लेखी दिले आहे. कारण म्हणून वरची मिरजेची हकीकत लिहिली आहे, फक्त आईचे वाक्य वगळून. अर्जाची पोच मिळाली, ती गटावर, रात्री सव्वादहा वाजता. निकाल सुट्टीनंतर लागेल असे त्यात म्हटले आहे.